दोन डावे पंख

माझ्या ताईने चौतीस वर्षं शाळेचे गणवेश कापले. शिवले नाहीत, कापले. हा फरक तिच्यासमोर चुकूनही विसरायचा नाही. "शिवणारे पन्नास मिळतात," ती म्हणते, "कापणारा एकच असतो, आणि तो चुकला की पन्नासजण चुकीचं शिवतात." तिच्या वर्कशॉपमध्ये मालकापासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळे तिला मास्तर म्हणत. लांबलचक टेबलावर कापडाचे साठ-सत्तर थर अंथरायचे, वर पुठ्ठ्याचं माप ठेवून खडूने रेघ मारायची आणि कापायचं मशीन दोन्ही हातांनी धरून त्या रेघेवरून न्यायचं. सूतभर इकडे नाही, सूतभर तिकडे नाही. मी तिचा धाकटा भाऊ. माझं झेरॉक्सचं दुकान आहे आणि मशीनमध्ये कागद सरळ घालायलाही मला दोनदा बघावं लागतं. त्यामुळे तिचं मला कौतुक होतं आणि धाकही होता.

ताईने लग्न केलं नाही. ती आमच्याकडे राहते असं मी लोकांना सांगतो, पण खरं म्हणजे आम्ही तिच्याकडे राहतो. घर आईचं, आणि आईनंतर घरात शब्द ताईचा. माझी बायको तिला वन्सं म्हणते आणि दोघींचं एरवी कितीही वाजलं तरी माझ्याविरुद्ध त्यांची एकजूट पक्की असते. मला घरात बारक्या म्हणतात. माझं वजन नव्वदच्या पुढे गेलं, दोनदा पट्टा बदलला, तरी बारक्याच. माझ्या नाकावर राग असतो हेही इथेच सांगून टाकतो, नाहीतर पुढे तुम्हाला वाटेल की हा माणूस सारखा का खेकसतो.

तर गेल्या वर्षी एका सकाळी ताईने चुकीचा पुठ्ठा उचलला. शर्टांची अंगं मोठ्या मुलांची कापली आणि बाह्या लहान मुलांच्या. सगळा गठ्ठा कापून झाला, शिवायला गेला, तेव्हा एका शिवणाऱ्या पोरीने बाही हातात धरून विचारलं, "मास्तर, ही बसणार कशी?" मालक भला माणूस. तो ओरडला असता तर फार बरं झालं असतं. तो म्हणाला, "होतं हो मास्तर. वय झालं की होतं असं." ताई दुपारीच घरी आली, स्वतःची मोठी कात्री कापडात गुंडाळून कपाटावर टाकली आणि म्हणाली, "उद्यापासून मी जाणार नाही."

एका चुकीचं एवढं काय, असं कोणालाही वाटेल. आम्हाला तसं वाटलं नाही, त्याचं कारण आमची आई. आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. अर्ध्या गावाचे नंबर तिला तोंडपाठ. तिचंही असंच सुरू झालं होतं. आधी एक नंबर चुकला, मग दोन. मग गॅस चालू राहायला लागला. आणि एके दिवशी मी दुकानातून घरी आलो तर ती दारात उभी राहून मला म्हणाली, "आपण कोणाकडे आलात?" आपण! जन्मभर मला 'मेल्या' म्हणून हाक मारणारी आई!  त्या वेळी आई एकसष्ट वर्षांची होती. ताईला आता एकसष्टावं लागलं होतं.

घरात यावर कोणी अवाक्षर काढलं नाही, पण तिघांच्याही मनात तेच होतं. मी विसरण्याच्या आजाराच्या डॉक्टरांकडे तीनदा वेळ घेतली आणि तिन्ही वेळा ताईने नकार दिला.

"मी काय विसरले ते सांग," ती म्हणाली. "तुझा वाढदिवस विसरले?"

"माझा वाढदिवस मलाही लक्षात राहत नाही."

"मग तू जा डॉक्टरकडे."

हे निदान बोलणं तरी होतं. पुढे पुढे तेही आटलं. ती पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसायची. जेवणार का, हो. बरं वाटतं का, हो. दोन महिने आमच्या घरात ताईचा आवाज नव्हता. जी बाई माझ्या शर्टाच्या कॉलरवरून शिंप्याच्या सात पिढ्यांची लाज काढायची, तिच्यासमोरून मी एकदा मुद्दाम उलटा शर्ट घालून गेलो. तिने पाहिलं आणि काही म्हणाली नाही. दुकानात जाऊन मी शटर अर्धं ओढून बसलो. त्या दिवशी माझी खात्री पटली की ताई आमच्या हातून चालली.

आमच्या शेजारी एक सर राहतात. शाळेत भौतिकशास्त्र शिकवायचे. निवृत्त झाल्यावर स्वतःलाच भेट म्हणून त्यांनी एक मोठा खोका मागवला होता. त्यात रेडिओवर उडणाऱ्या विमानाचं सगळं लाकूड होतं. लहान खेळणं नव्हे, या टोकापासून त्या टोकापर्यंत पंख आठ फूट. खोका आला आणि त्याच वर्षी सरांच्या डोळ्यांचा पडदा बिघडला. समोर बघितलं की मधोमध डाग, कडेचं तेवढं दिसतं. म्हणून सर तुमच्याशी बोलताना मान वळवून खिडकीकडे बघत बोलतात. नवख्या माणसाला वाटतं, काय शिष्ट आहेत. खोका पाच वर्षं त्यांच्या माळ्यावर पडून होता. एक दिवस त्यातला नकाशा घेऊन ते माझ्या दुकानात आले. म्हणाले, मोठा करून द्या, मोठा केला तर दिसेल कदाचित.

मी नकाशाची मोठी प्रत काढून घरी आणली आणि नीट जुळली का बघायला बाहेरच्या खोलीत जमिनीवर अंथरली. ताई पाणी प्यायला बाहेर आली होती. थांबली. मग पेला तसाच खाली ठेवून गुडघ्यांवर बसली आणि एका रेघेवरून बोट फिरवत शेवटपर्यंत गेली.

"कोणी काढलंय हे?" तिने विचारलं. "हात चांगला आहे."

मी श्वाससुद्धा जपून घेत होतो. म्हटलं, "सरांचं विमान आहे. त्यांना दिसत नाही म्हणून बांधायचं राहिलं."

"कापायचं कशातून?"

"लाकडातून. बाल्सा म्हणतात."

"मला दाखव."

त्या संध्याकाळी सर खोका घेऊन आमच्याकडे आले आणि आमच्या बाहेरच्या खोलीचं जे व्हायचं ते झालं. सर म्हणाले, पंख बांधायला अगदी सपाट फळी हवी, केसभरही वाकलेली चालणार नाही. ताईने घरातली सगळी दारं डोळा लावून तपासली आणि सर्वांत सरळ निघालं ते आमच्या झोपायच्या खोलीचं. सुताराला बोलावून तिने ते बिजागरीतून काढायला लावलं आणि दोन स्टुलांवर आडवं टाकलं. पुढचे आठ महिने आमच्या खोलीला पडदा होता. मी चिडलो. बायको म्हणाली, "घ्या हो वन्सं. नाहीतरी यांच्या घोरण्याला ते दार पुरत नव्हतंच."

सर सांगायचे आणि ताई करायची. दारावर नकाशा, नकाशावर प्लास्टिकचा पातळ कागद, आणि त्यावर लाकडाच्या पट्ट्या टाचण्यांनी धरून ठेवायच्या. पंखाला माशासारख्या फासळ्या असतात. एकेक फासळी काटकोनात उभी करून गोंदाचा थेंब सोडायचा. सर बोटांनी चाचपून म्हणायचे, "बाई, ही चौथी जराशी डावीकडे झुकलीये," आणि ताई खरंच काटकोन मोजायचा गुण्या लावून बघायची. झुकलेली असली तर तिचा चेहरा पडायचा आणि नसली तर सरांचा. दोघांची रोज दुपारी दोन ते पाच अशी शाळा भरायची. ताई पुन्हा बोलायला लागली. पहिल्यांदा लाकडाशी, मग सरांशी, आणि मग माझ्या कॉलरविषयी. ती कॉलरविषयी बोलली त्या दिवशी मी बायकोला बाहेर जेवायला घेऊन गेलो.

काम संपलं की ताई एका वहीत काहीतरी लिहायची. मला वाटलं, हिशेबी बाई आहे, लिहीत असेल कुठली पट्टी कुठे लावली.

डावा पंख उत्तम झाला. सर त्यावरून टोकापासून मुळापर्यंत हात फिरवत राहिले. मग सर वीस दिवसांसाठी आपल्या मुलीकडे गेले. जाताना म्हणाले, आलो की उजवा घेऊ. ताईने ठरवलं, सर येईपर्यंत उजवा पुरा करून त्यांना चकित करायचं. दिवसभर दाराला चिकटून बसली. जेवायला हाक मारली की म्हणायची, "आले, दोन फासळ्या." वीस दिवसांत पंख तयार. पहिल्यापेक्षा सुबक.

सर आले. चहाही न घेता त्यांनी नवा पंख हातात घेतला, पुढची जाड कड चाचपली, मागची पातळ धार चाचपली, पोटाकडून हात फिरवला, पाठीकडून फिरवला. मग पहिला पंख मागितला आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवले. आणि हसायला लागले. चांगले खदखदून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"बाई," ते म्हणाले, "तुम्ही दोन डावे पंख बांधलेत!"

मला आधी कळेना. मग त्यांनी दाखवलं. पंखाचं पोट सपाट असतं आणि पाठ फुगीर. पुढची कड जाड, मागची पातळ. दुसरा पंख पालथा करून उजवीकडे लावला तर फुगवटा खाली जातो, आणि फिरवून लावला तर मागची धार पुढे येते. डावा पंख कसाही धरा, तो डावाच राहतो. नकाशात एकच पंख काढलेला असतो. उजव्यासाठी नकाशा उलटा करून घ्यायचा असतो. ताईने त्याच नकाशावर दुसऱ्यांदा तोच पंख बांधला होता.

ताई हसली नाही. तिचा चेहरा धुतलेल्या कापडासारखा पांढरा झाला. ती उठली, आपल्या खोलीत गेली आणि तिने आतून कडी लावली.

माझा संताप झाला. "सर, हसू कसं येतं तुम्हाला?" मी ओरडलो. "वीस दिवस राबलीये ती! आणि तुम्हाला माहीत तरी आहे का काय चाललंय ते?" मग मी त्यांना सगळं सांगितलं. बाह्या, आई, एकसष्ट, आणि ते 'आपण कोणाकडे आलात'. सर खिडकीकडे बघत ऐकत होते, म्हणजे माझ्याकडे बघत होते. त्यांचं हसू केव्हाच विरलं होतं.

"अहो, मग उभे काय राहिलात?" ते म्हणाले. "औषधवाल्याकडे जा. आत्ताच्या आत्ता. आणि त्याला एवढंच सांगा, दोन डावे झाले म्हणून."

मला वाटलं, गोळी आणायला सांगताहेत. चौकातल्या औषधाच्या दुकानाचा मालक रविवारी गावाबाहेर अशी विमानं उडवतो, त्याला सगळे पायलट म्हणतात, हे ठाऊक असूनही तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. दुकानात गर्दी होती. तो कोणाला तरी खोकल्याचं औषध किती चमचे ते समजावत होता. मी त्याच्या कानाशी जाऊन सांगितलं. त्याने बाटली काउंटरवर ठेवली आणि असा हसला, असा हसला, की खोकल्यावाला गृहस्थ घाबरून स्वतःच चमचे मोजायला लागला.

"आत या," पायलट म्हणाला. मागच्या खोलीत सलाईनच्या खोक्यांमागून त्याने धुळीने माखलेला एक पंख ओढून काढला. "हा माझा. अकरा वर्षं झाली. टाकवत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे हा माझा दुसरा डावा. आमच्या ग्रुपमध्ये सात जण आहेत, साहेब. पाच जणांच्या घरी असा एकेक आहे. उरलेले दोघं खोटं बोलतात."

मी भर चौकातून तो चार फुटी पंख काखेत मारून घरी आलो. लोक बघत होते. बघू देत. एका ओळखीच्याने विचारलं, काय हो, हे काय? मी म्हटलं, औषध आहे.

ताईच्या दारावर थाप मारली. "ताई, उघड. तुला कोणीतरी भेटायला आलंय." बऱ्याच वेळाने कडी निघाली. मी पंख तिच्या हातात दिला आणि सांगितलं, हा पायलटचा दुसरा डावा, आणि असे गावात निदान पाच आहेत. तिने तो उजेडात धरला. शिवण बघावी तसा सांधा न् सांधा बघितला.

"गोंद फार लावलाय," ती म्हणाली. मग म्हणाली, "त्याचं वय काय होतं तेव्हा?"

"तिशीत असेल."

"तिशीत," ती म्हणाली आणि पलंगावर बसली. आपणहून बोलायला लागली. "आमच्यात कापड तोंडाला तोंड लावून अंथरतात रे बारक्या. एक बाही कापली की तिची जोडीदारीण खालून आपोआप उलटी निघते. चौतीस वर्षांत मला उजवी बाही वेगळी कापावी लागलेली नाही. माझ्या हाताला ठाऊकच नाही की उजवं वेगळं असतं."

मग तिने उशीखालची वही काढून माझ्यापुढे धरली. त्यात पट्ट्यांचा हिशेब नव्हता. रोज संध्याकाळी ती दिवसभरात काय काय केलं ते लिहायची. दुसऱ्या दिवशी सकाळी वही न उघडता एका कागदावर पुन्हा आठवून लिहायची आणि मग दोन्ही ताडून बघायची. प्रत्येक पानावर कोपऱ्यात बरोबरची खूण होती. एकशे बारा पानं, एकशे बारा खुणा.

"एकदाही चुकले नव्हते," ती म्हणाली. "मला वाटायला लागलं होतं की सुटले. आणि मग सर हसले."

मी तिथे जमिनीवरच बसलो. मी तीनदा डॉक्टरची वेळ घेऊन स्वतःला शहाणा समजत होतो, आणि ही बाई चार महिने रोज सकाळी एकटी परीक्षेला बसत होती.  म्हटलं, "मला सांगायचंस ना."

"तुला सांगून काय? तू ओरडला असतास."

तेही खरंच होतं. मी म्हटलं, "मग आता डॉक्टरकडे जाऊ या ना?" ती म्हणाली, "विमान उडू दे." पण त्या दिवशी ती संध्याकाळी सरांकडे जाऊन आली आणि दोघंही हसत असल्याचं आमच्या स्वयंपाकघरात ऐकू येत होतं. माझी बायको भांडी घासता घासता थांबली आणि नळ बंद करून ऐकत राहिली. माझ्या जिवात जीव आला.

उजव्या पंखासाठी मी दुकानात नकाशाची आरशासारखी उलटी प्रत काढली. माझ्या मशीनला त्यासाठी वेगळं बटण आहे. वीस वर्षांत मी ते कधी दाबलं नव्हतं.

"असं बटण होतं तर आधी का नाही सांगितलंस?" ताईने विचारलं. म्हणजे चूक शेवटी माझी ठरली. आमच्या घरात कुठलीही चूक फिरत फिरत माझ्याकडेच मुक्कामाला येते.

खोक्यातलं कापून आलेलं लाकूड दुसऱ्या डाव्यात संपलं होतं. पायलटने बाल्साच्या कोऱ्या पट्ट्या आणून दिल्या आणि म्हणाला, फासळ्या मात्र हाताने कापाव्या लागतील, जरा अवघड आहे. अवघड! ताईने एका फासळीचं पुठ्ठ्याचं माप केलं, धार लावलेली सुरी घेतली आणि एका दुपारी एकवीस फासळ्या कापल्या. सरांनी सगळ्या एकावर एक ठेवून कडेने अंगठा फिरवला. म्हणाले, "बाई, या एकवीस आहेत का एक?" ताई म्हणाली, "मोजा." बाहेरच्या खोलीत तिचा तो जुना मास्तरांचा आवाज पुन्हा ऐकला आणि मी माझ्या खोलीच्या पडद्यामागे जाऊन डोळे पुसले. दार असतं तर लावून घेतलं असतं.

पुढचं काम भराभर झालं. सांगाड्यावर प्लास्टिकचा रंगीत पातळ कागद चढवायचा असतो, तो इस्त्रीने. गरम झाला की आवळतो आणि ढोलासारखा ताणला जातो. त्यात ताईला शिकवायला सरांकडे काही नव्हतं. एक सुरकुती निघाली नाही. इंजिन आणि आतल्या मोटरी पायलटने बसवल्या. मग आठवडाभर सगळे मिळून नुसतं तपासत होते. शेपटी हलते का, पंखांच्या झडपा हलतात का, डावीकडे वळ म्हटलं की डावीकडेच वळतंय का. सर म्हणाले, जमिनीवर जे तपासायचं राहतं ते हवेत तपासलं जातं आणि तिथे दुसरी संधी नसते.

रविवारी सकाळी आम्ही गावाबाहेर बंद पडलेल्या एका कारखान्याच्या आवारात गेलो. तिथला लांब सिमेंटचा रस्ता पायलटच्या मंडळींनी झाडून ठेवला होता. मी, ताई, सर आणि पायलट. बायको आली नाही. "पडताना मला बघवणार नाही," ती म्हणाली, आणि निघताना हे वाक्य ऐकवल्याबद्दल मी तिला बोललोही. पायलटने पंख जोडले, पेट्रोल भरलं, हाताने पंखा फिरवून इंजिन चालू केलं. मागे सरकला. विमान रस्त्यावरून धावलं, शेपूट उचललं, आणि आम्ही बघत असताना जमिनीपासून सुटलं.

ताईने दोन्ही हात तोंडावर धरले होते. सरांना विमान दिसत नव्हतं. कडेने दिसावं म्हणून ते मान इकडे तिकडे वळवत होते, पण आकाशात एवढंसं काय सापडणार? ते नुसते आवाजावरून कान फिरवत होते. विमानाने एक मोठी फेरी घातली, दुसरी घातली. पायलट म्हणाला, "हात सोडले तरी सरळ जातंय! बाई, काय बांधलंय!"

आणि तिसऱ्या फेरीत आवाज थांबला. एकदम.

"इंजिन बंद पडलं," सर म्हणाले. त्यांना आमच्या आधी कळलं. "कुठे आहे? बाई, कुठे आहे?"

 पायलट हातातल्या रेडिओच्या पेटीवर वाकून तिच्या दांड्या हलवत होता. ताईने सरांचा दंड धरला. "पाण्याच्या टाकीच्या वर आहे," ती म्हणाली. "नाक जरा खाली. वळतंय. आपल्याकडे वळतंय. पंख सरळ आहेत, सर. दोन्ही सरळ आहेत. आता झाडांवर आलं. सुटलं झाडांतून. रस्ता नाही मिळणार. गवतात येतंय. येतंय, येतंय." तिचा आवाज जराही हलला नाही. विमान गवताला टेकलं, दोन उड्या मारून तिरकं झालं आणि उभं राहिलं. एक चाक वाकलं होतं. बाकी काही म्हणजे काही नाही.

सर तिथेच खाली बसले. पायलट ओरडत गवताकडे पळाला. मी ताईकडे वळलो आणि माझ्या तोंडून आनंदाच्या ऐवजी नेहमीसारखं भलतंच निघालं. म्हटलं, "झालं ना आता विमान? उद्या डॉक्टरची वेळ घेतो. आता सबब चालणार नाही."

"मी जाऊन आले," ताई म्हणाली.

"कुठे?"

"डॉक्टरकडे. बुधवारी. तू दुकानात होतास. आठवडाभर सगळे विमान तपासत होते, म्हटलं आपलंही तपासून घ्यावं. दोन बस बदलून एकटी गेले आणि एकटी आले. तो वाटेचा भागही मला बघायचाच होता."

"काय म्हणाले?"

"रक्तात कसलंसं जीवनसत्त्व फार कमी झालंय. त्याने माणूस असा मलूल होतो, चुकतो. आठवड्याला एक इंजेक्शन. बाकी डोकं शाबूत आहे म्हणाले. तासभर परीक्षा घेतली. घड्याळ काढायला लावलं, उलटे आकडे म्हणायला लावले. पाच शब्द सांगितले आणि नंतर विचारले. चादर, हातोडी, पेरू, नदी, शुक्रवार. आज रविवार आहे, बघ, अजून सांगतेय."

"बुधवारी कळलं आणि तू आज सांगतेस?" मी ओरडलोच. "चार दिवस! मी चार दिवस..."

"विमान पडलं असतं तर?" ती म्हणाली. "सगळ्यांना सांभाळायला एखादी चांगली बातमी हाताशी नको का?"

मी गाडीच्या मागे गेलो आणि चाकाला पाठ टेकून रडलो. लाज वाटली नाही. जवळजवळ वर्षभर माझ्या छातीवर जे बसलं होतं ते उठून गेलं होतं आणि इतका मोकळा श्वास घ्यायची मला सवयच राहिली नव्हती. पायलट विमान उचलून घेऊन आला, त्याने मला पाहिलं आणि म्हणाला, "अहो साहेब, चाक तर आहे, अर्ध्या तासात सरळ करू!"

परतताना मी गाडी चालवत होतो, ताई शेजारी. मागे सर आणि पायलट विमानाचं धड मांडीवर आडवं घेऊन बसले होते. ताईची कळी खुलली होती. मागे वळून तिने पायलटला विचारलं, "आमच्या बारक्याचं डोकं जिन्याच्या कठड्यात अडकलं होतं, ते सांगितलंय का त्याने तुम्हाला?" ही गोष्ट सांगायला माझी सक्त मनाई आहे. माझ्या लग्नात तिने एकदा सांगितली होती तेव्हा मी आठ दिवस अबोला धरला होता.

"सहा वर्षांचा होता," ताई म्हणाली. "पिवळा सदरा होता, चौकटीचा, माझ्याच जुन्या फ्रॉकचा केलेला. कठड्यातून डोकं घातलं आणि कान आडवे आले. वरच्या मजल्यावरच्या काकू साबण घेऊन आल्या, हिरवा साबण. हा ओरडतोय, 'ताई, माझे कान काप, पण मला काढ!' मी तेव्हा नऊ वर्षांची. खरंच कात्री आणायला धावले होते मी."

मागे दोघं पोट धरून हसत होते. तो सदरा पिवळा होता हे मला ठाऊक नव्हतं. साबण हिरवा होता हेही नाही. आई गेली, बाबा त्याआधीच गेले, त्या काकू तर केव्हाच गेल्या. मला सहा वर्षांचा पाहिलेलं या जगात आता एकच माणूस उरलं होतं, आणि ते माझ्या शेजारी बसून कानांचं वर्णन करत होतं. पुढे रेल्वेचं फाटक लागलं होतं. मी गाडी थांबवली.

ती बोलता बोलता थबकली आणि माझ्याकडे बघायला लागली. मी चिडेन म्हणून वाट बघत असावी.

"साबणाने निघालं नाही," मी म्हटलं. "मग?"